तेलाची झडती

शेंगदाण्याचं म्हणून घरात आलेलं तेल शेंगदाण्याचंच आहे, हे आपण कशावरून ठरवतो? वासावरून, रंगावरून, फार तर वाण्यावरच्या विश्वासावरून. रिफाइंड तेलाला वास नसतो, रंगही बेताचाच. मग उरतो तो विश्वास.

रसायनशास्त्रज्ञही फार वर्षं याहून फारसे पुढे नव्हते. चरबी म्हणजे ग्लिसरीनला जोडलेली मेदाम्लं, हे फ्रान्सच्या शेव्हरल यांनी १८२३ च्या ग्रंथात दाखवलं होतं. पण कुठलं मेदाम्ल किती, हे मोजायचं कसं? ही सगळी सख्खी भावंडं. कार्बनच्या साखळीत दोन कड्या कमी-जास्त, एखादा दुहेरी बंध जास्तीचा, एवढाच फरक. ती उकळून वेगळी करणं म्हणजे चिकाटीचं काम, आणि त्यासाठी तेलही बरंच लागे.

व्यवहारात चालायची ती आयोडीन मूल्याची चाचणी. तेल किती आयोडीन ओढून घेतं, त्यावरून त्यातल्या दुहेरी बंधांचा हिशेब. विद्यार्थी असताना मीही ती केली आहे. चाचणी चांगली, पण तिच्यातून कळते ती सरासरी. पामतेलाचा आकडा ५० च्या आसपास, सोयाबीनचा १३० च्या. दोन्ही निम्मं-निम्मं मिसळा, उत्तर येईल ९०. आणि शेंगदाणा तेलाचा आकडाही साधारण तेवढाच! भेसळ करणाऱ्याला एवढं गणित सहज जमतं.

या कोंडीतून वाट निघाली ती तेलाशी संबंध नसलेल्या ठिकाणाहून. वॉर्सामध्ये काम करणारे रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी पानांचा अर्क खडूच्या भुकटीनं भरलेल्या काचनळीतून सोडला. प्रत्येक रंगद्रव्य भुकटीला कमी-अधिक चिकटत, आपापल्या गतीनं खाली सरकलं आणि नळीत हिरवे-पिवळे पट्टे उमटले. १९०६ मध्ये त्यांनी या पद्धतीला नाव दिलं क्रोमॅटोग्राफी, म्हणजे रंगलेखन. त्स्वेत या रशियन शब्दाचा अर्थही रंगच!

मेदाम्लांना मात्र रंग नाही. १९४१ मध्ये आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज इंग्लंडात लीड्सच्या लोकर संशोधन संस्थेत लोकरीतली अमिनो आम्लं वेगळी करत होते. त्यांच्या शोधनिबंधात एक सूचना होती, की पदार्थ वाहून न्यायला द्रवाऐवजी वायूही चालेल. इतकी उघड लिहिलेली गोष्ट, पण दहा वर्षं ती कुणी मनावर घेतली नाही. शेवटी मार्टिन यांनीच टोनी जेम्स या सहकाऱ्याबरोबर लंडनमध्ये ते करून पाहिलं.

त्यांची नळी चार फुटांच्या आसपास. आत सिलिकोन तेलानं माखलेली बारीक माती, बाहेरून वाफेची ऊब आणि आतून वाहणारा नायट्रोजन. मला आवडतो तो पुढचा तपशील. मेदाम्लं वेगळी करण्यासाठी त्यांनी त्या सिलिकोनमध्ये स्टिअरिक आम्ल, म्हणजे एक मेदाम्लच, मिसळलं होतं. नळीतून बाहेर पडणारं आम्ल पाण्यात उतरे, आपोआप चालणारं ब्युरेट ते मोजे आणि कागदावर एकेक पायरी उमटे. जेवढी आम्लं, तेवढ्या पायऱ्या. हा निबंध १९५२ चा. त्याच वर्षी मार्टिन आणि सिंज यांना आधीच्या कामासाठी नोबेल मिळालं.

ही पद्धत बारा कार्बनांच्या आम्लापर्यंतच पोचली होती. खाद्यतेलांतली मुख्य आम्लं सोळा-अठरा कार्बनांची, सहजी वाफ न होणारी. त्यांची मिथाइल एस्टरं केली की काम सोपं होतं. १९५६ पर्यंत तेही जमलं, आणि तेलाच्या थेंबाची झडती घेता येऊ लागली.

आता आपलं ते निम्मं-निम्मं मिश्रण नळीत घाला. शेंगदाणा तेलात पामिटिक आम्ल दहा-बारा टक्के असतं, इथे ते पंचवीसच्या पुढे जातं. शिवाय सोयाबीनमधलं लिनोलेनिक आम्ल डोकं वर काढतं, जे शेंगदाण्यात जवळजवळ नसतं. उलट वीस ते चोवीस कार्बनांची जी आम्लं शेंगदाण्यात थोडी पण हमखास असतात, ती इथे हवी तेवढी सापडत नाहीत. सरासरी जुळवता येते, सगळा आलेख जुळवणं फार कठीण.

मे १९८१ मध्ये स्पेनमध्ये माद्रिदच्या परिसरात एक विचित्र आजार सुरू झाला. आधी न्यूमोनियाच वाटला. जूनमध्ये संशय तेलावर आला. फिरत्या विक्रेत्यांनी पाच लिटरच्या बिनलेबलाच्या कॅनमधून स्वस्तात विकलेलं तेल. ते कारखान्यांसाठी आयात केलेलं रेपसीडचं, म्हणजे आपल्या मोहरीच्या भावकीतलं तेल होतं. कुणी खाऊ नये म्हणून त्यात ॲनिलीन मिसळलं होतं. ते काढून टाकण्याचा खटाटोप करून तेल बाजारात सोडलं गेलं. क्रोमॅटोग्राफीनं त्यात ॲनिलीन चिकटलेली मेदाम्लं दाखवली. पुढे अधिक बारीक यंत्रं आल्यावर ॲनिलीनपासूनच बनलेले आणखी काही स्निग्ध रेणू सापडले, आणि आजाराशी त्यांचा संबंध जास्त जवळचा दिसला. पण प्राण्यांवर प्रयोग केले, तेव्हा माणसांसारखा आजार त्यांच्यात काही उमटला नाही. वीस हजारांवर माणसं आजारी पडली, तीनशेहून अधिक लवकरच दगावली. नेमका कुठला रेणू त्यांना भोवला, हे आजही सिद्ध झालेलं नाही.