नंदीबैलाचा होकार : प्राणिसंकेत आणि कला

जिवंत प्राण्याच्या संकेतावर आधारलेली आणि प्रेक्षकाच्या सहभागावाचून पुरी न होणारी कलाकृती ही विसाव्या शतकाच्या अखेरीची निर्मिती समजली जाते. सेलेस्त बूर्सिये-मूझनो या फ्रेंच कलावंताने १९९९ पासून मांडलेल्या रचनेत झेब्रा फिंच पक्षी विद्युत्-गिटारांच्या तारांवर बसतात व उडतात. तारांचा कंप ध्वनिवर्धकातून नादरूपाने उमटतो, आणि दालनात फिरणाऱ्या प्रेक्षकांच्या चाहुलीने पक्ष्यांची हालचाल बदलते. केन रिनाल्डो या अमेरिकन कलावंताच्या २००४ मधील रचनेत माशाची हालचाल संवेदक टिपतात व त्यानुसार त्याच्या काचपात्राखालची चाके फिरतात. या प्रकाराचा पूर्वेतिहास पाहताना महाराष्ट्रातील नंदीबैलाच्या खेळाचा विचार अगत्याचा ठरतो.

हा खेळ इतर भागांप्रमाणेच ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या ग्रामीण भागासही परका नाही. झुली व घुंगुरमाळांनी सजविलेला बैल, गुबूगुबू वाजविणारा नंदीवाला आणि प्रश्न विचारणारा ग्रामस्थ हे त्याचे तीन घटक होत. पाऊस पडेल काय, असे विचारताच बैल मान हलवितो. भाषादृष्ट्या येथे तीन व्यवहार एकाच वेळी चालतात. अनेक नंदीवाल्यांच्या घरात तेलुगूची बोली नांदते. प्रेक्षकांशी ते मराठीत बोलतात. आणि बैलाशी होणारा व्यवहार वाद्य, स्वर व दोर यांच्या द्वारे होतो.

मग संकेत कोणाचा? बर्लिनमधील हान्स नावाचा घोडा खुराने आपटून गणिते सोडवितो, अशी १९०४ साली ख्याती होती. ऑस्कर फुंग्स्ट याने १९०७ साली दाखवून दिले की, घोडा प्रश्नकर्त्याच्या नकळत होणाऱ्या सूक्ष्म हालचाली ओळखून थांबत असे. हान्सच्या धन्याला आपण खूण करतो याची जाणीव नव्हती. नंदीवाल्याची खूण मात्र कमावलेली असते. बैलाची मान हे उत्तर नव्हे, ते इशाऱ्याला दिलेले प्रत्युत्तर होय. पक्ष्यांच्या रचनेत संकेताची दिशा उलट आहे : तो प्राण्याकडून यंत्राकडे जातो. नवीनता आहे ती एवढीच. आपण वादन करीत आहोत हे पक्ष्यास ठाऊक नसते, तसे आपण भविष्य सांगत आहोत हे बैलासही ठाऊक नसते. अर्थ दोन्हीकडे माणूसच घालतो.

यावर, ग्रामीण प्रेक्षक भोळा असल्याने फसतो, असा आक्षेप येऊ शकेल. परंतु मुरबाड तालुक्यातील म्हसे येथे पौष पौर्णिमेस भरणारी यात्रा गुरांच्या बाजाराबद्दल प्रसिद्ध आहे. दात, खांदा व चाल पाहून बैल पारखणाऱ्या शेतकऱ्यास बैल इशाऱ्यावर वागतो हे शिकवावे लागत नाही. तो खेळास संमती देतो, ती हे जाणूनच. या संमतीमुळेच हा व्यवहार फसवणूक न राहता कला होतो.

१९५९ च्या मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायद्याने मात्र सार्वजनिक जागी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे वा खेळ करणे या निमित्ताने दान स्वीकारणे हे भिक्षेच्या व्याख्येत घातले. बूर्सिये-मूझनो यांची पक्ष्यांची रचना २०१० साली लंडनच्या बार्बिकन कलाकेंद्रात मांडली गेली, तेव्हा तिला कलाकृती म्हणून मान मिळाला. प्राणी, संकेत, अर्थ लावणारा प्रेक्षक ही घडण दोहोंत समान असता एकास कला व दुसऱ्यास भिक्षा म्हणावयाचे, तर तो भेद घडणीतून निघत नाही. तो जागेतून व कर्त्याच्या सामाजिक स्थानातून निघतो. प्राण्याच्या बाजूने पाहता दोहोंसही एकच प्रश्न विचारावा लागेल : ज्याच्या हालचालीवर हे सारे उभे आहे, त्याची संमती कोणी घेतली? नंदीबैलाची मान या प्रश्नापुरती हलत नाही.