बाळाचे नाव निवडताना आडनावाचाही विचार हवा

बाळाचे नाव बारशाला ठेवले जाते. परंतु पुढे आयुष्यभर ते आडनावाच्या सोबतीने वावरते. शाळेचा हजेरीपट, मतदार यादी, पारपत्र या सर्व ठिकाणी ही जोडी एकत्रच येते. म्हणून राशीचे आद्याक्षर, नावाचा अर्थ आणि आजी-आजोबांची आठवण यांबरोबरच आडनावाशी जमणारा मेळही आधी तपासून पाहावा.

उच्चार : मराठीत शब्दाच्या अखेरच्या अक्षरातील ‘अ’ सहसा पूर्ण उच्चारला जात नाही. त्यामुळे नावाचे शेवटचे आणि आडनावाचे पहिले व्यंजन एकच असल्यास दोन्ही शब्द एकमेकांत मिसळतात. ‘मानस सावंत’ घाईने म्हटल्यास ‘मानसावंत’ ऐकू येते. ‘ईशा आमोणकर’मध्ये दोन ‘आ’ एकत्र येऊन तोच घोळ होतो. ‘मानस आमोणकर’ किंवा ‘ईशा सावंत’ मात्र स्वच्छ ऐकू येतात.

लांबी : केरीचे केरकर, मांद्र्याचे मांद्रेकर याप्रमाणे गोव्यातील अनेक आडनावे गावांवरून आली आहेत. मांद्रेकर, प्रभुदेसाई यांसारख्या लांब आडनावांपुढे नील, रमा, ओवी अशी छोटी नावे शोभतात. राणे, भट, कामत यांच्यापुढे अनिरुद्ध किंवा मृण्मयी भारदस्त वाटते. नाईक, गावकर यांसारखे सर्वत्र आढळणारे आडनाव असेल, तर त्या वर्षी फार प्रचलित असलेले नाव टाळलेले बरे. अन्यथा एकाच वर्गात एकाच नावाची दोन मुले होतात.

नाद आणि अर्थ : अनुप्रास हा दोष नव्हे. बा. भ. बोरकर या नावातील तिन्ही ‘ओठांची’ अक्षरे कानाला गोडच लागतात. परंतु ‘राणी राणे’ किंवा ‘धवल काळे’ अशा जोड्या शाळेत थट्टेचा विषय ठरू शकतात. मोठ्यांना गंमत वाटते, सोसावे मात्र मुलाला लागते.

लेखन : ‘ज्ञानदा’, ‘ऋग्वेद’ यांसारख्या नावांचे रोमन स्पेलिंग अनेक प्रकारे होते. त्यातील एक निश्चित करून आडनावाच्या स्पेलिंगसह सर्वत्र तेच वापरावे.

नोंदणी : जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत पंचायत किंवा पालिकेत द्यावी लागते. मात्र तोवर नाव ठरलेच पाहिजे असे नाही. जन्मनोंद नावाविना करता येते आणि नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क समाविष्ट करता येते. त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत ही सोय आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, पारपत्र अशा कामांत जन्मतारीख व जन्मस्थान यांचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. त्यामुळे दाखल्यावरील नावातली चूक पुढे प्रत्येक कागदपत्रावर उमटते आणि ती दुरुस्त करण्यासाठी कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

अर्ज भरण्यापूर्वी बाळाचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव सलग कागदावर लिहावे. मग घरातील दोघा-तिघांनी ते मोठ्याने म्हणावे. ऐकणाऱ्याला ‘काय नाव म्हणालात?’ असे पुन्हा विचारावे लागले नाही, तर निवड योग्य समजावी.