ॲव्हरेज गाडीचे आणि घोड्याचे

महाडहून पाचाडचा घाट चढताना टायरमध्ये हवा कमी असेल, डिकीत नको ते ओझे असेल आणि ॲक्सिलरेटरवर पाय दाबूनच ठेवला असेल, तर गाडीचे ॲव्हरेज पार घसरते. जिजाऊसाहेबांचा वाडा इथे नांदता होता, त्या काळी वाहन होते घोडे आणि इंधन होते दाणा-वैरण.

राज्याभिषेकाच्या सुमारास शिवछत्रपतींनी चिपळूणजवळ हलवर्णच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार, कारकुनांना पत्र धाडले. कित्येक लढायांच्या वर्णनांहून मला ते मोलाचे वाटते. पागेची पावसाळ्याची बेगमी उन्हाळ्यातच खर्ची पडली होती. गडागडांवरचा गल्ला देऊन ती पुन्हा भरली, आणि आता ती हिशेबाने पुरवा, असे महाराजांनी बजावले. आज मनास येईल तशी उधळाल, तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही रयतेचा दाणा, भाजी, लाकूडफाटा ओरबाडाल, आणि तिला मोगलांहून तुम्हीच वाईट वाटाल.

निगराणीतही तीच बारकाई. रात्री दिवा जळता ठेवू नये. उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि वैरणीच्या गंजी भस्म होतील.