एसएफ-३६ प्रश्नावली, जपानी आवृत्ती

आरोग्याशी निगडित जीवनमान रुग्णाच्याच उत्तरांवरून मोजणाऱ्या अमेरिकी प्रश्नावलीचे जपानी रूपांतर. मूळ प्रश्नावली (पहा : जीवनमान मापन) जॉन वेअर व सहकाऱ्यांची, तीत ३६ प्रश्न असून शारीरिक कार्यक्षमता, वेदना, चैतन्य, मानसिक आरोग्य इ. ८ उपश्रेणींत गुण मिळतात. १९९१ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पांतर्गत शुनइची फुकुहारा व सहकाऱ्यांनी तिचे जपानी रूपांतर केले. त्याचे प्रमाणीकरण १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रथम जपानी अनुवाद, मग त्याचा पुन्हा इंग्रजी उलट-अनुवाद व मुळाशी पडताळणी अशी पद्धत होती (पहा : उलट-अनुवाद).

नुसते शब्द बदलून भागण्यासारखे नव्हते. मध्यम श्रमाची उदाहरणे म्हणून मुळात बॉलिंग व गोल्फ होते. जपानी आवृत्तीत घर-अंगणाची सफाई आणि एक-दोन तासांचा फेरफटका आला. मैलाच्या जागी किलोमीटर, तर ‘एक ब्लॉक’च्या जागी सुमारे १०० मीटर आले.

मूळ प्रश्नावलीत आठ उपश्रेणींचे शारीरिक व मानसिक असे दोन सारांश-घटक पडतात. जपानी माहितीत ही विभागणी नीट बसली नाही (पहा : घटक विश्लेषण), म्हणून भूमिका व सामाजिक सहभाग हा तिसरा घटक मांडण्यात आला. गुण जपानी लोकसंख्येची सरासरी ५० व प्रमाण विचलन १० धरून काढतात.