पंधरा दिवस, एक महिना, नव्वद दिवस : थकलेल्या भाड्याच्या नोटिशीची कहाणी

आपल्या सोसायटीतल्या निम्म्याअधिक घरांचा इतिहास कुठल्या ना कुठल्या चाळीतल्या भाड्याच्या खोलीत सुरू होतो. गिरगाव, लालबाग, परळ, दादर. घरातल्या ज्येष्ठांना विचारलं तर दोन गोष्टी त्यांना हमखास आठवतात. एक म्हणजे भाड्याची पावती, जी ट्रंकेत सोन्याच्या जोडीला जपलेली असायची. आणि दुसरी म्हणजे घरमालकाची नोटीस. ती ज्या बिऱ्हाडात येई तिथे त्या रात्री चूल पेटली तरी जेवण कुणाच्या घशाखाली उतरत नसे. आजच्या मुलांना हे दोन्ही कागद ठाऊक नाहीत. म्हणून रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने या नोटिशीचा थोडा इतिहास सांगतो.

सुरुवात १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यापासून करावी लागते. त्यातल्या कलम १०६ प्रमाणे महिन्याच्या भाड्याने दिलेली जागा परत घ्यायला मालकाने पंधरा दिवसांची नोटीस दिली की पुरे. भाडं थकलंय की नाही, हा प्रश्नच नव्हता. भाडं वेळच्या वेळी देणाऱ्यालाही मालक 'उठा' म्हणू शकत होता. नोटीस पोस्टाने पाठवावी, हातात द्यावी, घरातल्या माणसाकडे किंवा नोकराकडे द्यावी, आणि यातलं काहीच जमलं नाही तर जागेच्या ठळक भागी डकवावी, असंही त्यात सांगितलं होतं. दारावर नोटीस लागणं ही चाळीत अब्रूची गोष्ट का झाली, याचं मूळ इथे आहे.

मुंबईत खोल्या कमी आणि माणसं जास्त, ही रड जुनीच. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, पुढे वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला बी.डी.डी. चाळी उभ्या राहिल्या, तरी जागा पुरली नाही. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली तेव्हा १९१८ साली मुंबईत पहिला भाडे नियंत्रण कायदा करावा लागला. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तीच वेळ आली. शेवटी १९४७ चा मुंबई भाडे कायदा झाला आणि १३ फेब्रुवारी १९४८ पासून लागू झाला. आपले आईवडील ज्याला नुसतं 'रेंट ॲक्ट' म्हणत, तो हाच.

या कायद्याचं कलम १२ म्हणजे भाडेकरूची ढाल. जो भाडेकरू भाडं द्यायला तयार आहे त्याला मालक काढू शकत नाही, हे त्याचं पहिलं वाक्य. भाडं थकलं असेल तरी मालकाने आधी लेखी मागणीची नोटीस द्यायची, मग एक महिना थांबायचं, आणि त्यानंतरच कोर्टाची पायरी चढायची. तो महिना उलटण्याआधी दावाच करता येत नसे. बारा तास पाळी करणाऱ्या माणसाला हा एक महिना किती मोलाचा होता! गावाकडून पैसे मागवायला, पतपेढीतून उचल घ्यायला, बायकोची पाटली गहाण टाकायला तेवढाच काय तो वेळ.

पण या महिन्याला दुसरी बाजूही होती. थकबाकी सहा महिन्यांची किंवा जास्त असेल, भाड्याच्या रकमेबद्दल वाद नसेल, आणि नोटिशीनंतर महिनाभरात पैसे भरले नाहीत, तर सुटका फार अवघड व्हायची. भाडं अवाच्या सवा आहे, प्रमाणित भाडं ठरवून द्या, असं म्हणायचं असेल तर तेही त्याच महिन्यात अर्ज करून म्हणावं लागे. नंतर कोर्टात जाऊन कैफियतीत वाद काढला तर तो उशिराचा, असं १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. म्हणजे नोटीस फोडून न वाचता देवाच्या फोटोमागे ठेवणारा माणूस नकळत आपला हक्कच तिथे ठेवून देत होता. कित्येकांना इंग्रजी नोटीस वाचता येत नसे. अशा वेळी चाळीतला एखादा शिकलेला कारकून ती वाचून दाखवायचा, आणि त्याच्या एका वाचण्यावर एखादं घर टिकायचं.

मालकही काही कमी नव्हते. भाडेकरू नकोसा झाला की मेहताजी भाडं घ्यायलाच यायचा बंद व्हायचा. सहा महिने गेले की 'थकबाकी' तयार! यावर भाडेकरूंनी शोधलेला उपाय म्हणजे मनीऑर्डर. दर महिन्याला भाडं मनीऑर्डरने पाठवायचं. मालकाने ती नाकारली की परत आलेला फॉर्म जपून ठेवायचा. पैसे द्यायची तयारी होती, याचा तो पुरावा. धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात अशा नाकारलेल्या मनीऑर्डरींवर भाडेकरूंची मोठी भिस्त असे. उलट बाजूने, पोस्टमनने 'घेण्यास नकार' असा शेरा मारलेली रजिस्टर नोटीस भाडेकरूवर उलटायची, कारण नाकारलेलं पत्र पोचलंच असं कोर्ट सहसा धरतं.

न्याय म्हणून मालकांचीही बाजू सांगायला हवी. बहुतेक जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली होती. चुना, सिमेंट, मजुरी वाढत गेली, भाडं तिथेच. इमारतीला टेकू लागले, आणि भाड्यातून डागडुजी होईना. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भाडी अशी गोठवून ठेवणं काळाच्या ओघात अवाजवी झालं आहे. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. मालकाला दरवर्षी चार टक्के वाढ मिळाली, पगडीच्या व्यवहाराला कायद्यात जागा मिळाली.

आणि नोटीस? तिची मुदत कमी होईल असं अनेकांना वाटलं होतं. झालं उलटं. कलम १५ प्रमाणे एका महिन्याचे नव्वद दिवस झाले. दावा झालाच, तरी समन्स बजावल्यापासून नव्वद दिवसांत सारी थकबाकी दरसाल १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरली, पुढचं भाडं नियमित देत राहिलं आणि दाव्याचा खर्च दिला, तर जागा सोडायचा हुकूम होत नाही. मालकाला पैसे मिळावेत आणि भाडेकरूचं छप्पर राहावं, असा हा हिशेब आहे. पाणी-वीज तोडून भाडेकरूला हुसकावणं जुन्या कायद्यातही गुन्हा होता, नव्यातही आहे.

आपल्या सोसायटीला आणि या कायद्याला एकाच सुमारास पंचवीस वर्षं झाली. मग आज आपल्याला त्याचं काय? तीन गोष्टी.

पहिली. आपल्या इमारतीत लीव्ह अँड लायसन्सवर राहणारी कुटुंबं आहेत. त्यांना ही नव्वद दिवसांची ढाल नाही, त्यांचं सारं करारातल्या शब्दांवर चालतं. तेव्हा फ्लॅट देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी, दोघांनीही, पैसे थकल्यास किती दिवसांची नोटीस हे करारात आधीच लिहून घ्यावं.

दुसरी. आपण आता भाडेकरू नाही, सभासद आहोत. पण मुंबईतल्या पहिल्या सहकारी गृहसंस्थेत, म्हणजे १९१५ च्या गावदेवीच्या सारस्वत सोसायटीत, सभासद हे आपल्याच संस्थेचे भाडेकरू होते. मालक आणि भाडेकरू दोन्ही आपणच, ही कल्पना तिथून आली. म्हणून मेंटेनन्स थकला की खजिनदार जे पत्र पाठवतात, ते त्या जुन्या नोटिशीचंच भावंड समजावं. कोणत्या महिन्यांचे किती पैसे, व्याज किती, केव्हापर्यंत भरायचे आणि हरकत असेल तर कुणाकडे सांगायचं, हे त्यात मराठीत स्वच्छ लिहिलेलं असावं. फलकावर नाव लावण्याआधी ते पत्र माणसाच्या हातात पडावं. वसुलीच्या दाखल्यासाठी निबंधकांकडे जायची वेळ त्यानंतरची.

तिसरी, आणि ही सर्वांसाठी. आलेलं पत्र घ्या, फोडा, वाचा आणि मुदतीच्या आत उत्तर द्या. पैसे नसतील तर तसं लेखी कळवा. आपल्या वडीलधाऱ्यांनी त्या एका महिन्यात धावपळ करून खोल्या राखल्या. त्या राखल्या म्हणूनच पुढे त्यातल्या कित्येकांना त्या विकून, पगडी मिळवून या इमारतीत घर घेता आलं.