आमसुलातले डुकराचे मांस : एका कालवणाची कुळकथा

डुकराच्या मांसात फळ घालून शिजवावे, ही कल्पना वऱ्हाडातील आपल्या कुटुंबांना काहीशी परकी वाटेल. १९५५ साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांताच्या विस्तीर्ण क्षेत्रात वाशिम, कारंजा, मंगरूळपीर या बाजूला ख्रिस्ती घरे मोजकीच. शेजारच्या चुलीवर हे मांस बहुधा चढत नाही आणि 'तुम्ही ख्रिस्ती, म्हणजे तुम्ही ते खाणारच', असे कोणीही सहज बोलून जातो. या समजुतीचे मूळ शोधायचे तर वऱ्हाड सोडून पश्चिम किनाऱ्याकडे आणि सोळाव्या शतकाकडे वळावे लागते.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकले. १५३४ मध्ये वसई त्यांच्या ताब्यात आली. त्यांच्या मायदेशी मांस टिकावे म्हणून ते द्राक्षमद्यात आणि लसणीत मुरवीत. मद्याला 'विन्यू' आणि लसणीला 'आल्यु' म्हणणाऱ्या या पाककृतीच्या नावातूनच पुढे 'विंदालू' हा शब्द घडला. त्यातील 'आलू'चा बटाट्याशी काडीचाही संबंध नाही, हे आजच्या हॉटेलवाल्यांना कोणीतरी सांगावयास हवे! किनाऱ्यावर द्राक्षमद्य दुर्मीळ, माड मात्र दारोदारी. म्हणून माडाच्या सुरेचा शिरका मद्याच्या जागी आला. अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्याच गलबतांतून आलेली मिरची त्यात मिसळली. मुंबई-वसईकडील ख्रिस्ती घरांत या पदार्थाचे भावंड 'इंदियाल' म्हणून नांदते.

परंतु विंदालू काय किंवा सोरपोतेल काय, ही सणासुदीची, मुरवण्यात दिवस घालवणारी पक्वान्ने. माझ्या मते खरा इतिहास दडला आहे तो गोव्यातील घरगुती, साध्या 'सोलांतल्या' डुकरात. त्यात शिरकाही नाही. आंबटपणा येतो तो केवळ आमसुलांतून. उन्हाळ्यात रातांबे पिकतात. त्यांची साले काढून, त्यांच्याच रसात व मिठात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवतात आणि पावसाळ्याची बेगमी होते. मांसाचे तुकडे, आले, लसूण, कांदा, हळद, मिरची आणि किलोभर मांसाला आठदहा आमसुले, एवढाच सरंजाम. तेल घालावे लागत नाही, कारण मांसाचीच चरबी सुटते. त्या चरबीचा जडपणा आमसूल कापते. आमसूल मुळातच खारट असल्याने मीठ शेवटी, चाखूनच घालावयाचे. मांस परदेशी रिवाजाचे असेल, पण आंबटपणा मात्र ज्या फळाने आमटीला व माशाच्या कालवणाला पिढ्यान्पिढ्या चव दिली, त्याचाच. धर्म बदलला, तरी फडताळातील बरणी बदलली नाही.

ती बरणी टिकली, हे सहज घडले असे मानू नये. स्पेन व पोर्तुगालमध्ये यहुदी किंवा मुस्लीम घराण्यांतून ख्रिस्ती झालेल्यांवर 'इन्क्विझिशन'ची नजर असे आणि डुकराचे मांस टाळणे हा संशयाचा पुरावा धरला जाई. ताटातील घासावरून श्रद्धेची परीक्षा! हेच न्यायासन १५६० साली गोव्यात आले आणि १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. त्याच्या १७३६ च्या फर्मानाने मिठाशिवाय भात शिजवण्याच्या हिंदू रीतीलाही ख्रिस्ती घरांत मनाई केली होती. स्वयंपाकघरात इतक्या खोलवर हात घालणाऱ्या सत्तेच्या काळात आंबटाची जुनी रीत घराघरांत जिवंत राहिली, याचे श्रेय चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रियांना द्यावे लागेल. त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत.

श्रद्धेचे म्हणाल, तर यापोच्या गच्चीवर पेत्राला झालेला दृष्टान्त 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात आहे. अन्नाचे बंधन तेथे सुटले. खाण्याची सक्ती कोठेही आली नाही. तेव्हा वाशिमच्या एखाद्या ख्रिस्ती घरात हे मांस कधीच शिजले नसेल, तर ते घर तसूभरही कमी ख्रिस्ती ठरत नाही. आणि जेथे शिजते, तेथे शेजाऱ्यांपुढे संकोचण्याचेही कारण नाही.

ज्यांना रांधावयाचे आहे त्यांनी एक पथ्य कसोशीने पाळावे. गावात मोकाट फिरणाऱ्या डुकराच्या मांसात फीतकृमी असू शकतो आणि आंबटाने तो मरतो हा समज खोटा आहे. मांस खात्रीच्या ठिकाणचेच घ्यावे व आतपर्यंत गुलाबी छटा न राहील इतके शिजवावे.

आमसुले आता वाण्याकडे मिळतातही. पण आपल्याकडची चिंच काही कमी नाही. तिचा कोळ मांस अर्धे शिजल्यावर घालावा, कैरीच्या दिवसांत कैरीच्या फोडी. कारंजा-मंगरूळपीर भागात संत्र्याच्या बागा आहेत आणि ब्राझीलमध्ये, म्हणजे पोर्तुगीजांच्याच जुन्या वसाहतीत, काळ्या घेवड्यात शिजवलेल्या डुकराच्या मांसासोबत संत्र्याच्या चकत्या आवर्जून वाढतात. आपणही त्या तशाच, कच्च्या वाढाव्यात. रस घालावयाचाच असेल, तर तो भांडे चुलीवरून उतरवल्यावर; साल व बिया मात्र रश्शात पडू देऊ नयेत, त्या कडवटपणा सोडतात.