व्यसन आणि मानसिक आजार : स्वमदत गट कसा शोधावा?

अ‍ॅसिडिटी, डोकेदुखी, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन एखादी बाई दवाखान्यात वारंवार येते. तपासण्या नॉर्मल येतात. चौथ्या-पाचव्या भेटीत ती दार नीट लागले आहे ना हे पाहते आणि हळूच सांगते, "डॉक्टर, आमचे मिस्टर रोज पितात." मग पुढचा प्रश्न येतो, "त्यांना न सांगता जेवणातून देता येईल अशी काही गोळी आहे का?"

जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला हा प्रसंग ओळखीचा आहे. त्यावर माझे उत्तर ठरलेले असते. न सांगता गोळी देऊ नका, ते धोक्याचे आहे. पण तुम्ही आज, एकटीनेसुद्धा, एक गोष्ट करू शकता. याच त्रासातून गेलेल्या माणसांना जाऊन भेटा. अशी माणसे जिथे नियमित भेटतात त्याला स्वमदत गट किंवा आधारगट म्हणतात. तो कसा शोधायचा आणि तिथे काय होते, हे या लेखात पाहू.

स्वमदत गट म्हणजे काय?

एकाच प्रकारचा त्रास असलेली माणसे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी एकत्र बसतात आणि आपापले अनुभव सांगतात. तिथे कोणी डॉक्टर नसतो, कोणी उपदेशक नसतो. (महिलांचा बचत गट वेगळा. त्याचा याच्याशी संबंध नाही.)

यातला सर्वांत जुना आणि मोठा गट म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजेच ए.ए. अमेरिकेत 1935 साली एक शेअर दलाल आणि एक सर्जन यांची भेट झाली. दोघेही दारूच्या आहारी गेलेले होते. दुसऱ्या दारुड्याशी बोलत राहिलो की आपल्याला न पिता राहता येते, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यातून ए.ए. सुरू झाले. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी 1951 मध्ये अल-अ‍ॅनॉन हा वेगळा गट सुरू झाला. दोन्ही गटांच्या मिटिंग महाराष्ट्रात आणि गोव्यात होतात.

"नुसत्या बोलण्याने काय होणार?" अशी शंका अनेकांना येते. 2020 मध्ये कॉक्रन या संस्थेने 27 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात 10 हजारांहून जास्त रुग्ण होते. रुग्णाला पद्धतशीरपणे ए.ए.शी जोडून देणारे उपचार पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर मान्य समुपदेशन पद्धतींपेक्षा काहीसे सरस ठरले. वर्षअखेरीस दारूमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण सुमारे 42 टक्के होते, इतर पद्धतींत ते 35 टक्के होते. म्हणजे हा जादूचा उपाय नाही, पण परिणाम खरा आहे.

आधी हे वाचा : दारू एकदम बंद करण्याचा धोका

गटात जाण्याच्या उत्साहात अनेक जण "उद्यापासून बंद" असे ठरवतात. रोज भरपूर पिणाऱ्याने असे स्वतःच्या मनाने करू नये. शेवटच्या पेगनंतर काही तासांतच हात थरथरणे, घाम, मळमळ, अस्वस्थता सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जणांना भ्रम होतो. नसलेली माणसे दिसतात, वेळ-काळाचे भान सुटते. ही अवस्था जीवघेणी ठरू शकते.

म्हणून आधी डॉक्टरांना भेटा. काही दिवस योग्य औषधे आणि थायमिन (जीवनसत्त्व बी-1) दिल्यास हा काळ सुरक्षितपणे पार पडतो. पूर्वी कधी दारू सोडताना फिट आली असेल, तर हे रुग्णालयात दाखल करूनच करावे.

"न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती भिंतींवर आणि मोबाइलवर दिसतात. त्या औषधात काय आहे हे कोणालाच माहीत नसते. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम नावाचे औषध डॉक्टर वापरतात, पण ते रुग्णाला पूर्ण माहिती देऊन आणि त्याच्या संमतीनेच. ते नकळत दिले आणि वर तो प्यायला, तर उलट्या, धडधड, रक्तदाब एकदम खाली जाणे असे प्रकार होतात. त्यात जीवही जाऊ शकतो.

गट कुठे शोधायचा?

- टेली-मानस, फोन 14416 : केंद्र सरकारची मोफत सेवा, 24 तास. मराठीत बोलता येते. स्वतः रुग्ण असलेच पाहिजे असे नाही, घरचेही फोन करू शकतात.
- व्यसनमुक्ती हेल्पलाइन, फोन 14446 : जवळच्या व्यसनमुक्ती केंद्राची माहिती मिळते.
- जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग : इथले समुपदेशक आणि समाजसेवा अधीक्षक यांना परिसरातले गट माहीत असतात. त्यांना थेट विचारा.
- ए.ए. आणि अल-अ‍ॅनॉन यांची संकेतस्थळे : तिथे मिटिंगचे ठिकाण, वार आणि वेळ मिळते. ऑनलाइन मिटिंगही असतात.
- व्यसनमुक्ती संस्था : पुण्यात 1986 पासून काम करणारे मुक्तांगण, साताऱ्यातील परिवर्तन अशा संस्थांमध्ये चौकशी करा. मुक्तांगणात पत्नींसाठी 'सहचरी' हा वेगळा गट आहे.

गाव लहान असेल आणि ओळखीचे कोणी भेटेल अशी भीती वाटत असेल, तर शेजारच्या तालुक्यातल्या मिटिंगला जा किंवा ऑनलाइन सुरुवात करा. एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथे कोणी ओळखीचे भेटलेच, तर तेही त्याच कारणासाठी आलेले असणार.

पहिल्या दिवशी काय होते?

मिटिंग बहुधा शाळेच्या वर्गात, चर्चच्या खोलीत किंवा एखाद्या संस्थेच्या हॉलमध्ये असते. वेळ साधारण एक ते दीड तास. लोक फक्त पहिले नाव सांगतात. आडनाव, जात, नोकरी कोणी विचारत नाही. एकेक जण आपला अनुभव सांगतो. याला 'शेअरिंग' म्हणतात. मध्येच कोणी सल्ला देत नाही, वाद घालत नाही.

तुम्ही बोललेच पाहिजे असे नाही. "आज मी फक्त ऐकायला आलोय" एवढे म्हटले तरी चालते. फी नसते. शेवटी एक डबा फिरतो, त्यात इच्छा असेल तर काही टाकावे. सदस्य होण्याची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा.

काही मिटिंग 'ओपन' असतात, तिथे घरचेही बसू शकतात. 'क्लोज्ड' मिटिंग फक्त व्यसनी व्यक्तींसाठी असते. जाण्याआधी फोनवर विचारून घ्या.

पहिल्या मिटिंगनंतर बहुतेकांना "हे आपल्यासाठी नाही" असेच वाटते. एका भेटीवरून ठरवू नका. पाच-सहा मिटिंग करा, जमले नाही तर दुसरा गट पाहा. प्रत्येक गटाची माणसे आणि वातावरण वेगळे असते.

"पण ते यायलाच तयार नाहीत"

ही सर्वांत जास्त ऐकू येणारी अडचण. तरीही त्यांच्यासाठी थांबू नका. तुम्ही जा.

घरात एक जण पितो, पण आजारी सगळे घर पडते. बायको त्याच्या ऑफिसला खोटा निरोप देते, आई गुपचूप उधारी फेडते, मुले मित्रांना घरी आणत नाहीत. हे सगळे प्रेमापोटी आणि अब्रूपोटी होते. पण त्यामुळे पिण्याचे परिणाम पिणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत. मदत कुठे संपते आणि पांघरूण घालणे कुठे सुरू होते, हे अल-अ‍ॅनॉन किंवा सहचरीसारख्या गटात इतरांच्या अनुभवातून उमगते. त्याच्या पिण्याला आपण कारण नाही आणि ते थांबवणेही आपल्या हातात नाही, हे मनाला पटले की खांद्यावरचे मोठे ओझे उतरते.

एवढे मात्र आजपासून करता येईल :

- तो प्यायलेला असताना वाद किंवा समजूत टाळा. सकाळी, शुद्धीत असताना, थोडक्यात बोला.
- दारूची उधारी फेडू नका. त्याच्या वतीने खोटे बोलू नका.
- पाळता येणार नाही अशी धमकी देऊ नका.
- मुलांना खरे सांगा : बाबांना आजार आहे आणि त्यात तुमची काही चूक नाही.
- मारहाण होत असेल तर आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षा पाहा. महिला हेल्पलाइन 181, पोलीस 112. दारू हे मारहाणीचे निमित्त असू शकते, तिची सबब नाही.

मानसिक आजारासाठीचे गट

स्किझोफ्रेनिया, बायपोलर, दीर्घकाळचे नैराश्य अशा आजारांत औषधे हा उपचारांचा पाया असतो. पण औषध सुरू झाल्यावरही प्रश्न उरतात. नोकरीचे काय? लग्नाचे काय? आमच्यानंतर याला कोण बघणार? दहा मिनिटांच्या ओपीडीत याची उत्तरे मिळत नाहीत.

कॅनडात कॅलगरी येथे प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी 1997 मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन (सा) ही संस्था सुरू केली. तिथे रुग्ण आणि घरचे दोघांसाठीही काम चालते. या वर्तुळात रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. शब्द साधे आहेत, पण 'वेडा' आणि 'वेड्याचा बाप' हे ऐकून थकलेल्या माणसाला त्यांचे मोल कळते. ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ (आय.पी.एच.) हीसुद्धा या क्षेत्रातली जुनी संस्था आहे.

व्यसन आणि मानसिक आजार अनेकदा एकत्र येतात. नैराश्य आहे म्हणून पितो आणि पितो म्हणून नैराश्य वाढते. अशा वेळी दोन्हींचे उपचार एकत्र हवेत. गटातल्या कोणी "गोळ्या म्हणजे दुसरे व्यसनच" असे म्हटले तरी औषध बंद करू नका. नैराश्याच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. झोपेच्या काही गोळ्यांची लागू शकते, म्हणून त्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीतच घ्याव्यात.

माळ, शपथ, भजनी मंडळ

आपल्याकडे तुळशीची माळ घालून दारू सोडलेले अनेक जण आहेत. हा उपाय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माळेबरोबर नवी संगत मिळते, रोजची संध्याकाळ भजनात जाते आणि गावाची नजरही राहते. गटाचे कामही काहीसे असेच चालते. तेव्हा श्रद्धा असेल तर जरूर करा. दोन गोष्टी मात्र सांभाळा. दारू बंद करताना डॉक्टरांची मदत घ्या. आणि माळ किंवा शपथ मोडली, तर "आता काय, सगळे संपले" असे म्हणून उपचार सोडू नका.

केंद्रात दाखल करण्यापूर्वी

स्वमदत गट आणि निवासी केंद्र या वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्र निवडताना विचारा :

- राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का?
- डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ कधी येतात?
- घरच्यांना भेटू आणि फोनवर बोलू देतात का?
- बाहेर पडल्यावर पाठपुरावा कसा करतात?

मारहाण करणे, साखळीने बांधणे हे उपचार नव्हेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार साखळदंडांवर बंदी आहे. जिथे "पंधरा दिवसांत शंभर टक्के गॅरंटी" देतात, तिथून परत फिरा.

पुन्हा प्यायला तर?

गटाच्या भाषेत याला 'स्लिप' म्हणतात. गटारी, धुळवड, हळद, मिरवणूक, पगाराचा दिवस हे जोखमीचे दिवस. त्या दिवशी कुठे असायचे, हे आधीच ठरवा आणि शक्यतो मिटिंग गाठा. मधुमेहात साखर वाढली की आपण उपचार सोडत नाही, तपासून बदलतो. इथेही तसेच. स्लिप झाली तर दुसऱ्याच दिवशी गटात परत जा. तिथे कोणी हाकलून देत नाही, कारण समोर बसलेल्यांपैकी अनेकांची कधी ना कधी स्लिप झालेली असते.

ताबडतोब मदत कधी घ्यावी?

- आत्महत्येचे बोलणे, निरवानिरव करणे, तसा प्रयत्न करणे
- दारू बंद केल्यावर फिट येणे किंवा भ्रम होणे
- रक्ताची उलटी, काळी शौच, कावीळ
- शुद्ध हरपणे, श्वास मंदावणे

108 वर रुग्णवाहिका बोलवा. माणसाला एकटे सोडू नका. घरातली कीटकनाशके आणि औषधांचा साठा त्याच्या हाती लागणार नाही असे ठेवा. आत्महत्येचा प्रयत्न झाला असेल तर पोलीस केसच्या भीतीने रुग्णालय टाळू नका. 2017 च्या कायद्यानुसार असा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असेच मानले जाते. त्याला शिक्षा करणे नव्हे, उपचार देणे ही सरकारची जबाबदारी आहे.

दारू अंगातून उतरायला काही दिवस लागतात. ती डोक्यातून उतरायला महिने, वर्षे लागतात. एवढा काळ कोणताही डॉक्टर रोज सोबत राहू शकत नाही. एखादी बाई किंवा आई आमच्यासमोर हे पहिल्यांदा बोलते, तेव्हा अर्धे काम झालेले असते. उरलेल्या अर्ध्यासाठी या आठवड्यातली एक संध्याकाळ काढा. मिस्टर आले तर त्यांच्याबरोबर जा. नाही आले, तर एकटीने जा.